खड्ड्याकाठच्या वहाणा

गेल्या उन्हाळ्यातली, म्हणजे १९८३ सालची गोष्ट. नागभीडच्या एका जुन्या मोटार कंपनीत माझे यजमान देवराव मिस्त्री आहेत. त्या दुपारी मी त्यांचा डबा घेऊन निघाले. लाकडं वाहणाऱ्या ट्रकचं काम अडलं होतं आणि दोन रात्री ते घरी आले नव्हते. आज त्यांना घरी आणून झोपवायचं, एवढंच मनात होतं.

पूर्वी तिथे मालगुजारांना, म्हणजे गावोगावच्या बड्या जमीनदारांना, नव्याकोऱ्या मोटारी विकत. पुढची मोठी काच अजून आहे, धुळीने आंधळी झालेली. आत काळोख आणि जुन्या तेलाचा वास. मागे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा. उतरणाऱ्याने वहाणा काठावर काढायच्या आणि वहाणा दिसल्या की गाडी कोणी चालू करायची नाही, असा तिथला नियम.

काठावर वहाणा होत्या. चामड्याच्या, वाळून वाकड्या झालेल्या. खालून पान्याचा आवाज येत होता. कट्... कट्...

"अवो, जेवून घ्या."

आवाज थांबला.

"मी इथी आहो," मागून देवराव बोलले. ते बाकड्यावर आडवे होते, डोळे लाल. "चार बोल्ट राह्यले. अंगात जीवच नाई."

"मंग खाली कोन आहे?"

ते बॅटरी घेऊन उतरले. खड्ड्याच्या दोन्ही टोकांना उजेड फिरवला.

"कोनी नाई... अन् चारही बोल्ट कसून झाले."

त्यांनी वर दिलेला पाना गरम होता. काठावर आता त्या चामड्याच्या वहाणा नव्हत्या.

दारातले म्हातारे चौकीदार मुखरूभाऊ हळूच म्हणाले, "चामड्याच्या व्हत्या ना बाई? कोलू मिस्त्रीच्या. मालगुजार गाडी न्यायले आला, तं मालक म्हने, सायबापुढं ह्या वहाना काऊन? मीच उचलल्या... डायवरनं गाडी चालू केली. कोलू वर आलाच नाई."

मी देवरावांना घरी आणलं. नोकरी सोडा म्हणून पाया पडले.

"काऊन सोडू? उरलेलं तो करते. पह्यल्यांदा आराम भेटून राह्यला मले," ते हसले.

तेव्हापासून ते दिवेलागणीलाच घरी येतात आणि पडल्या पडल्या झोपतात. मी त्यांचा हात हातात धरून जागी असते. रात्रभर ते कूससुद्धा बदलत नाहीत. उजाडलं की बघते, तर तो हात ताज्या ग्रीसने माखलेला असतो. आणि ते रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त थकून उठतात.