स्मरांदाचा चेलो

रेगिन गावात घरटी एक माणूस व्हायोलिनच्या लाकडाला हात लावतो. आमचा कारखाना तेवढा वेगळा. आम्ही कार्बन फायबरची वाद्यं करतो. कार्बनचं काळं कापड रेझिनच्या चिकट रसात भिजवायचं, साच्यात बसवायचं, भट्टीत भाजायचं. मग घासून, पॉलिश करून त्याला रूप आणायचं. हे शेवटचं काम माझं.

त्या हिवाळ्यात अग्लायाकाकू एक चेलो, म्हणजे जवळजवळ माणसाएवढं थोरलं व्हायोलिन, घेऊन आल्या. त्यांची मुलगी स्मरांदा तो पाठीला लावून गोठलेली मुरेश नदी ओलांडत होती आणि बर्फ फुटला. चेलो सापडला, पोरगी नाही. लाकूड फुगून सगळे सांधे सुटले होते.

"अगदी असाच करून दे," काकू आमच्या मालकाला, त्रायानला म्हणाल्या. "पण पाण्यानं ज्याचं काही बिघडणार नाही असा."

त्रायान फटकळ माणूस. पण तेव्हा त्यानं चेलो अलगद उचलून टेबलावर ठेवला.

जुने तुकडे जुळवून साचा घेतला. भट्टीतून नवा सांगाडा निघाला तो ओला. आतून थेंब निथळत होते आणि गाळाचा वास येत होता.

"भट्टीत पाणी कुठून आलं?" मी विचारलं.

"तुझ्या डोळ्यांतून," त्रायान म्हणाला. "पूस, आणि सांगाड्यावर वरची पाटी चिकटव."

चिकटवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्यांच्या काचांवर धुकं दाटलं होतं. मी चेलोची पाठ पॉलिश पेपरनं घासत होते. हात भरून आला म्हणून थांबले. घासल्याचा आवाज मात्र थांबला नाही. खर्र... खर्र...

"त्रायान, ते घासायचं मशीन बंद कर ना."

"केव्हाचं बंद आहे, ओदेता."

तो जवळ आला. आवाज आतून येत होता. मग टकटक सुरू झाली. घाईघाईची.

काकू रोज काम बघायला यायच्या, तशा तेवढ्यात आल्या. कुणी काही सांगायच्या आधीच त्यांनी चेलोला कान लावला.

"उघड."

"काकू, आता कापला तर वाद्य गेलंच म्हणून समजा..."

"माझी पोर आहे रे आत! दम कोंडतोय तिचा..."

त्रायाननं माझ्याकडे पाहिलं. माझा विश्वास बसला होता असं नाही. पण टकटक मंद होत चालली होती, ते मला सहन होईना. मी करवत उचलली.

पाटी निघाली तसं बर्फगार पाणी भळभळा फरशीवर सांडलं. आत दुसरं काही नव्हतं. काकू त्या पाण्यात गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला.

"धरलाय तिनं," त्या हलकेच म्हणाल्या. बराच वेळ हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सोडला..."

संध्याकाळी निरोप आला. खालच्या पुलापाशी स्मरांदा सापडली होती. पाण्यात नाही, बर्फावर. कोपर टेकून वर चढून आल्यासारखी पालथी.

पोलीस म्हणाले, प्रवाहानं वर फेकली असेल.

तिला शेवटची आंघोळ घालायला काकूंबरोबर मी बसले. तिची नखं तुटली होती आणि बोटांत बारीक काळी कुसळं रुतली होती. कार्बनची. ती मी चांगली ओळखते. रोज घरी जाताना माझ्या हातांतून मी तीच उपटून काढते.