मागे जोडलेली जीप

विचारलंत म्हणून सांगतो. मुझम्मिलसमोर मात्र हा विषय काढू नका.

मी सुयोग, लांज्याचा. इथे बहारीनमध्ये, सित्रातल्या एका गॅरेजमध्ये अकरा वर्षं मेकॅनिक आहे. मुझम्मिल दापोलीचा, आमच्याकडचा इलेक्ट्रिशियन. राहायची खोलीही आमची एकच. गेल्या जानेवारीत झल्लाकहून अबू नासर नावाच्या एका म्हाताऱ्या बहारिनी माणसाचा फोन आला. त्याच्याकडे मोटरहोम होतं, आत पलंग-चूल सगळं असलेलं चाकांवरचं घर. त्याच्यामागे आपली जुनी जीप ओढत त्याला सौदीला न्यायची होती. जोडून द्यायची, थोडी चालवून दाखवायची, एवढंच काम.

सकाळी साडेसहाला पोचलो तर समुद्रावरून धुकं उतरलेलं. त्याच्या बागेतल्या खजुरांचे नुसते बुंधे दिसत होते. हवेला ओल्या मिठाचा वास होता.

काम नेहमीचंच. जीपच्या चेसिसला पट्टी बसवली, ओढायचा दांडा, म्हणजे टो-बार, अडकवला, सेफ्टी केबल लावल्या. पुढच्याने ब्रेक मारला की मागेही लाल दिवा लागावा म्हणून मुझम्मिलने जीपच्या दिव्यांपर्यंत वायर नेली. जीपच्या ब्रेकपाशी एक पेटी ठेवली, तिचा दांडा वेळेला पेडल दाबतो. गिअर न्यूट्रल, स्टिअरिंगचं लॉक सोडलेलं. अशा गाडीत माणूस लागत नाही. पुढची जाईल तशी ती मुकाट मागे येते.

दिवे तपासायला मी मोटरहोममध्ये चढलो, खिडकीतून ओरडलो, "डावा?"

"लागला."

"उजवा?"

"लागला."

"ब्रेक?"

मागून आवाज आला, जड, अगदी सावकाश, "...मी दाबलाय."

मी खाली उतरतोय तोच समोरून, घराच्या बाजूने, मुझम्मिल आला. दोन्ही हातांत चहाचे पेले. "थांब की रे, मी येतो मागे. तपासायचंय ना?"

मागच्या आवाजाबद्दल मी त्याला सांगितलं नाही. धुक्यात आवाज फसवतात, कुणी माळी असेल, अशी मनाची समजूत घातली. तेव्हा बोललो असतो तर तो त्या जीपमध्ये बसला नसता. हे माझं मला आजही खातं.

चालवून बघायला बागेमागच्या कच्च्या रस्त्याला लागलो. ओढलेल्या गाडीत कुणी बसायचं नसतं. पण पेटीचा दांडा अडकत होता, म्हणून मुझम्मिल म्हणाला, "मी बाजूच्या सीटवर बसून बघतो. तू हळू चल." फोन स्पीकरवर ठेवला.

पाच मिनिटं गेली असतील.

"सुयोग, स्टिअरिंग फिरतंय रे."

"फिरणारच. वळणावर चाकं वळली की तेही वळतं."

काही वेळ नुसती टायरांखालची खडी वाजत राहिली.

"सुयोग... रस्ता सरळ आहे ना?"

सरळच होता. बाजूने तेलाची पाइपलाइन जाते, तिच्या कडेकडेने, सुतासारखा सरळ.

मी मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. धुक्यात जीपची काच राखाडी दिसत होती. काचेमागे दोन डोकी होती. ड्रायव्हरच्या जागी बसलेला माणूस थोडा पुढे वाकलेला होता, दोन्ही हात चाकावर.

"मुझम्मिल... तुझ्या बाजूला कोण आहे?"

फोनवर त्याचा श्वास ऐकू आला. मग अगदी कुजबुज, "नको विचारू... ऐकतोय तो."

तेवढ्यात अख्ख्या मोटरहोमला हिसका बसला. माझा पाय ब्रेकवर नव्हता. मागे टायर खडीवर करकरले, जळक्या रबराचा वास आत आला. जीपची चाकं डावीकडे वळून रुतली होती आणि मोटरहोमचं शेपूट पाइपलाइनकडे फरपटत चाललं होतं. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. हातभर अंतर राहिलं असेल.

धावत मागे गेलो. मुझम्मिल ताठ बसला होता, डोळे समोर. त्याचा पट्टा सुटेना, शेवटी चाकूने कापला. ड्रायव्हरची सीट, इथे ती डावीकडे असते, रिकामी. पेडलवरची पेटी मागच्या सीटवर नीट ठेवलेली. मी स्टिअरिंगला हात लावला. त्या गारठ्यात ते दोन ठिकाणी ऊबदार होतं, हात धरतात तिथे.

बागेत परतलो तेव्हा अबू नासर दारातच खुर्ची टाकून बसला होता. आमचे चेहरे पाहून त्याने काही विचारलंच नाही.

"तीन ड्रायव्हर आया, तीनों भागा," तो खाली बघत म्हणाला. "कोई चलाता नहीं, तो मैं बोला, खींच के ले जाएगा. उधर छोड़ देगा. खलास."

"पहले कौन चलाता था?" मी विचारलं.

"बाळाजी. तुम्हारा मुलुक का. उन्नीस साल." ऑगस्टमध्ये भर दुपारी त्याच जीपमध्ये त्याचं हृदय थांबलं होतं. रहदारीच्या रस्त्यावर, पाय ब्रेकवर. मागे अबू नासरची नातवंडं बसली होती, त्यांना ओरखडाही आला नाही. "वो तीन दफा छुट्टी माँगा. मैं हर दफा बोला, बाद में." म्हाताऱ्याने डोक्यावरच्या गुत्र्याच्या टोकाने डोळे पुसले.

जीप आम्ही आधीच सोडवून पाइपलाइनच्या कडेला ठेवून आलो होतो. दुपारपासून मुझम्मिल तापाने फणफणला.

दोन दिवसांनी अबू नासरचा फोन आला. जीप एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये सापडली होती. आत येतानाचा कॅमेऱ्यातला फोटो त्याला मिळाला होता, तो त्याने मला पाठवला. "ये दूसरा आदमी तुम्हारा है क्या?" एवढंच विचारलं.

फोटोत जीप फाटकाशी उभी आहे. ड्रायव्हरच्या खिडकीतून एक हात तिकीट घ्यायला बाहेर आलाय. चेहऱ्यावर दिव्याची तिरीप पडलीय, काही दिसत नाही. बाजूच्या सीटवरचा माणूस मात्र स्वच्छ दिसतो. आमच्या गॅरेजचा निळा बॉयलरसूट, समोर लागलेले डोळे. मुझम्मिल.

कोपऱ्यात वेळ होती, आम्ही जीप सोडून आलो त्याच दिवशीची, संध्याकाळी सव्वासात.

सव्वासातला मी आमच्या खोलीत होतो, त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत. नक्की आठवतंय, कारण तेव्हाच त्याने डोळे उघडले होते. माझ्याकडे बघितलंही नाही. डावीकडच्या भिंतीकडे मान वळवली आणि हळूच विचारलं, "आलो का आपण?"