नाल्याची रेघ

माझा बूट चिखलात रुतला आणि मी एका अनोळखी माणसाच्या रोपांवर सपशेल आडवी झाले.

"गुलाबाला लागलं नाही ना?" मी वैतागून विचारलं.

"गुलाब मजेत आहे. तुमचं कोपर मात्र..." त्यानं हात पुढे केला.

शहराच्या कडेला त्याची रोपवाटिका होती. मी नगरपालिकेतली इंजिनिअर – पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांची आखणी करणारी. ऑफिसात मला गटारबाई म्हणतात. शहर वाढतंय, आणि ज्याच्या दारात पाणी तुंबतं तो माझ्याच डोक्यावर ओततो. संध्याकाळी घरी आईशी बोलायचंही त्राण उरत नाही.

त्यानं पालथी बादली बसायला दिली. "काय मोजताय?"

"नाला इथून जाणार आहे... अर्धी बाग जाईल तुमची."

त्याचा चेहरा उतरला. तरी कोपराला पट्टी त्यानंच बांधली – घुश्शात, पण हळुवार.

मग हरकतींच्या सुनावणीला तो आला. "नकाशावरची रेघ जरा सरकवा ना, मॅडम."

"रेघ सरकेल हो, पाणी नाही सरकणार. चला, दाखवते."

भर पावसात आम्ही उतारानं खाली गेलो. त्याच्या बागेतून निघालेलं पाणी खालच्या वस्तीत शिरत होतं. एक आजी पलंगाचे पाय विटांवर चढवायला धडपडत होत्या. तो पुढे झाला, पलंग उचलून धरला. मी विटा सारल्या.

परतताना छत्री एकच. तो हट्टानं बाहेर भिजत चालला होता.

"आत या की."

"आत आलो तर हरकत मागे घ्यावी लागेल..."

"घ्या मग!"

तो छत्रीत आला. खांद्याला खांदा लागला आणि मी छत्री उगाचच त्याच्या बाजूला कलती धरली.

पालिकेनं त्याला चढावर दुसरी जागा दिली. सुट्टीच्या दिवशी मी रोपं हलवायला जाऊ लागले. आई म्हणाली, "आठवडाभर मरमर मरतेस, आणि सुट्टीला कुंड्या उचलतेस?" मी बूट चढवून निघालेसुद्धा!

एका संध्याकाळी खताच्या पोत्याला टेकले आणि तिथंच डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगावर त्याचं जॅकेट होतं, आणि तो समोर बसला होता.

"घोरत होते का मी?"

"थोडंसं... पण सुरात."

मला हसायचीही ताकद नव्हती. त्यानं नखांतली माती काढल्यासारखं केलं. "एक विचारू? माझ्याशी लग्न... म्हणजे, घाई नाही. विचार करून सांगा."

"विचार करायचं त्राण नाहीये हो माझ्यात."

"मग सोपं करतो," तो हळूच म्हणाला. "'नाही'ला दोन अक्षरं लागतात. 'हो'ला एकच."

मी डोळे मिटले, डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं आणि कमी कष्टाचं तेवढं बोलून टाकलं.