बेथेल ते नुनापिक, पंचेचाळीस मिनिटं

बेथेल शहराहून नुनापिक या आपल्या गावी जायला मक्सिमच्या छोट्या विमानाला पंचेचाळीस मिनिटं लागत. वारा आडवा आला तर पन्नास. टपाल, किराणा, बाळंतिणी, सगळं तो वर्षानुवर्षं याच वाटेनं ने-आण करत आला होता. एप्रिलमधल्या त्या सकाळी मात्र मागे त्याच्या आईची शवपेटी होती.

जुने वैमानिक म्हणत, मयत घरी नेताना घड्याळाकडे बघू नये. मागे जिवंत उरलेली जवळची सगळी माणसं धावपट्टीवर जमल्याशिवाय गाव दिसतच नाही. मक्सिम ते हसण्यावारी न्यायचा. म्हाताऱ्यांना गप्पा हाणायला काहीतरी हवंच की!

तासाभरानं खाली नदीचं तेच वळण तिसऱ्यांदा आलं. तोच गोठलेला काठ, बर्फात रुतलेला तोच गंजका पिंप. होकायंत्र सरळ, आभाळ लख्ख, आणि गावाचा पत्ता नाही. इंधनाचा काटा तेवढा इमानेइतबारे उतरत होता.

त्यानं रेडिओवर नताल्यामावशीला गाठलं. गावात आलेलं विमान उतरवून घेण्याचं काम तिचंच.

"मावशी, धावपट्टीवर कोण कोण आलंय?"

"अख्खं गाव कुडकुडतंय इथं. तू कुठं उलथलायस?"

"आणि कॉस्मा?"

"तुझा भाऊ टेकडीपलीकडे बसलाय, नदीकाठच्या मासेमारीच्या खोपटात. येत नाही म्हणतो. होडी आईनं थोरल्याला दिली ना, मग थोरल्यानंच पुरावं तिला, म्हणतो."

मक्सिमचे डोळे भरून आले. रागानं की दुःखानं, त्याचं त्यालाच कळेना. मेल्यावरही आईला धाकट्याची वाट बघावी लागत होती.

"त्याला म्हणावं, आई इथं वर ताटकळलीय. स्नोमोबाइल काढ आणि ये. ती होडी घाल म्हणावं चुलीत!"

"टेकडीला वळसा घालून यायला वेळ लागेल रे. नदीवरचा बर्फ कच्चा झालाय."

"नदीवरूनच यायला सांग, मावशी. माझं इंधन संपत आलंय."

बऱ्याच वेळानं मावशीचा आवाज आला. "निघाला बाबा. रडत होता."

वळण आलं. पुन्हा आलं.

काटा तळाला टेकला.

आणि वळणाआडून एकदम गाव समोर आलं. चर्चचा निळा घुमट, धावपट्टी, काळ्या कपड्यांतली माणसं.

"आला बघ आई, तुझा लाडका," मक्सिम मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं विमान उतरवलं.

दार उघडून त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले. कॉस्मा त्यांत नव्हता.

"येईलच इतक्यात," मावशी म्हणाली. "तुझं विमान दिसायच्या जरा आधी नदीवर त्याच्या गाडीचा आवाज येत होता. मग थांबला. बंद पडली असेल मेली. माणसं निघालीत त्याला आणायला."

बर्फावरून ओढायच्या स्लेजवर घोंगड्या आणि गरम चहाचा थर्मास बांधून तयार होता.

मक्सिम पेटीकडे बघत राहिला.

मग तो स्लेजपाशी गेला. त्यानं थर्मास उतरवून बाजूला ठेवला आणि शेडच्या भिंतीवरचे, नदीचा तळ धुंडाळायचे लोखंडी गळ त्या जागी बांधले.