पंतोजींचे दोन खण

पंतोजी कधीच चुकत नसत. तसं त्यांच्या छातीवरच्या पाटीवर लिहिलेलंच होतं, आणि पाटी कारखान्यातूनच लावून आली होती.

पंतोजी म्हणजे सिरोंच्याच्या नव्या संग्रहालयातले यंत्रमानव. जीवाश्म (दगड झालेले प्राचीन अवशेष) ओळखून योग्य जागी लावायचे, हे त्यांचं काम. टेरोसॉरांसाठी (डायनासोरांच्या काळातले उडते सरीसृप) त्यांनी कपाटात दोन खण केले होते. एकात जुने टेरोसॉर: डोकं लहान, मान आखूड, शेपटी लांब. दुसऱ्यात नंतरचे: डोकं मोठं, मान लांब, शेपटी नावापुरती.

अकरा वर्षांच्या शाल्मलीला नदीकाठी सापडलेली जीवाश्माची फरशी मात्र कुठल्याच खणात बसेना. तिच्यातल्या टेरोसॉरचं डोकं आणि मान होती नव्यांची, शेपटी मात्र जुन्यांची.

"बनावट," पंतोजी म्हणाले आणि फरशीवर तसा शिक्काही मारला. "कुणीतरी दोन प्राणी चिकटवले आहेत. संध्याकाळच्या गाडीने भंगारात."

"नाही जाणार." शाल्मली फरशीच्या आडवी उभी राहिली.

"निकाल लागला आहे, बालिके."

"आत्या, तू सांग ना यांना."

आत्या जीवाश्मतज्ज्ञ होती आणि चहा पीत होती. "सकाळीच सांगितलं. पण माझ्या छातीवर पाटी नाही ना. फरशी तुझी, तूच भांड."

शाल्मलीने दिवा जवळ ओढला. "डिंक कुठंय, दाखवा. मानेपासून शेपटीपर्यंत मणके सलग आहेत. दगडाचा थरही कुठे तुटलेला नाही."

पंतोजींनी भिंगाचा डोळा तीनदा फिरवला. "डिंक सापडत नाही. म्हणजे फारच हुशारीने चिकटवलं आहे."

शाल्मलीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पंतोजी, तुमचं डोकं कधी बसवलं?"

"गेल्या दिवाळीत. अद्ययावत आहे."

"आणि चाकं?"

"चाकं मूळची," पंतोजी म्हणाले, आणि चाकं कुरकुरली.

"मग तुम्हीपण बनावट. चला, बसा गाडीत."

आत्याला ठसका लागला.

"मी बनावट नाही," पंतोजी म्हणाले. "माझ्यात टप्प्याटप्प्याने सुधारणा होत आहे. आधी डोकं झालं. चाकांची मंजुरी यायची आहे."

"याचंही तेच झालं."

पंतोजींनी भिंगाचा डोळा फरशीवरून स्वतःच्या चाकांकडे वळवला.

"उत्क्रांती (पिढ्यान्‌पिढ्या सजीवांत होत जाणारा बदल) सगळं अंग एकदम बदलत नाही," आत्याने कप ठेवला. "इथे डोकं आणि मान आधी बदलली, शेपटी मागाहून आखडली. हा नव्यांचा आजोबाच असेल असं नाही, आजोबांचा चुलतभाऊही असेल. पण नातं दिसतंय. खणात नाती दिसत नाहीत, पंतोजी. त्यासाठी वंशवृक्ष लागतो."

"त्यात डायनासोर कुठे?" पंतोजींनी विचारलं.

"शेजारच्या फांदीवर. चुलत घराणं."

पंतोजींनी फरशीवरचा 'बनावट'चा शिक्का पुसला. "असे आणखी निघतील?"

"नदीकाठ केवढा लांब आहे, पाहिलाय का?" शाल्मली म्हणाली.

गाडी रिकामी गेली. भिंतीवर वंशवृक्ष रंगवला गेला, नव्या फांदीसकट. कपाटाला मात्र अजून खण दोनच आहेत. फरशी कपाटावर ठेवली आहे.