पडद्याची दोन टोकं

दुपारच्या गाडीत उन्हाच्या बाजूची एकच खिडकी रिकामी होती. ती रिकामी का होती, हे ठिणगीला बसल्याबसल्या कळलं. बाकाचा चांगलाच चटका बसला. तरी ती उठली नाही. पहाटेपासून बेकरीच्या भट्टीपुढे उभी राहिलेली बाई उन्हाला भिऊन जागा सोडते, असं कुणी म्हणायला नको.

ठिणगी हे नाव बाबांनी ठेवलेलं. लहानपणी ती एवढ्यातेवढ्यावरून पेटायची. मोठेपणी फरक पडला तो इतकाच, की आता ती विचार करून पेटायची.

"जरा पाय घ्याल?"

समोर एक उंच तरुण खांद्यावरचा कापडाचा गठ्ठा उतरवत होता. घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवणारा. गळ्यात मापपट्टी, शर्टाच्या खिशाला टाचण्या. त्याने एक जाड हिरवं कापड बाटलीतल्या पाण्याने भिजवलं आणि खिडकीच्या गजांना बांधून टाकलं. ठिणगीच्या मांडीवर सावली पडली, आणि ओल्या कापडाचा गार वास...

"मी सावली मागितली नव्हती," ती म्हणाली.

"मी माझ्यापुरतीच बांधलीय. तुमच्याकडे आलीय ती जास्तीची."

"मग जास्तीची परत घ्या."

"कापून घ्यावी लागेल. आधी माप घेऊ?"

त्याचा चेहरा गंभीर होता, पण डोळे चक्क हसत होते. ठिणगीने घाईघाईने बाहेर बघायला मान वळवली, तर समोर पडदाच.

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. "खिडकीला काही बांधायचं नाही. नियम आहे. सोडा ते."

पडदेवाला मुकाट्याने गाठ सोडायला लागला. आणि ठिणगीचं डोकं फिरलं. मघाशी नको असलेली सावली आता तिला अगदी स्वतःच्या मालकीची वाटू लागली. तिने पडद्याचं एक टोक मुठीत धरलं आणि हात वर केला.

"बांधायचं नाही ना? हा बांधलेला नाही. धरलाय."

तपासनिसाने तिच्याकडे पाहिलं, मानेवरचा घाम पुसला, आणि इतक्या उकाड्यात वाद घालण्यापेक्षा पुढचा डबा बरा, असं ठरवून निघून गेला. दुसरं टोक पडदेवाल्याने धरलं. रूळ तापले म्हणून गाडी रांगत होती, आणि दोघं हात वर करून बसली होती.

"हात दुखतोय?" त्याने विचारलं.

"तुमचा दुखत असेल तर सांगा. मी दोन्ही टोकं धरते."

"नको. एक टोक माझंच राहू द्या..."

मग ते रोजचंच झालं. तो कापड भिजवायचा, ती त्याच्यासाठी गरम पाव आणायची, आणि असल्या उन्हात गरम पाव आणल्याबद्दल तो तिची मनसोक्त थट्टा करायचा. स्टेशन आलं की दोघांनाही गाडी आज फार लवकर पोचली असं वाटायचं. बाकी सगळा डबा गाडीला शिव्या घालत असायचा.

घरी मात्र पेटलं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट बाबांच्या खुर्चीवर यायचं. पंखा तीच गरम हवा फिरवायचा, आई फरशीवर पाणी शिंपडून दमायची. पण पडद्यासाठीही भिंतीला खिळा मारायचा नाही, ही बाबांची आज्ञा. भिंत त्यांनी स्वतः रंगवलेली होती ना! एका दुपारी ठिणगी स्टेशनपासून उन्हातून चालत लालबुंद होऊन घरी आली, आणि बाबांनी जाहीर केलं, "हा आठवडा शेवटचा. नोकरी सोड. या उन्हात गाडीचा प्रवास बंद."

"भट्टी मला सोसते, बाबा. ऊनही सोसेल."

"मला तुझं असं भाजलेलं तोंड बघवत नाही. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी तिने गाडीत हे सांगितलं, तसं पडदेवाल्याचं टोक हळूहळू खाली आलं. तिच्या तोंडावर ऊन पडलं.

"मग दुसरं टोक कोण धरणार?"

"पडद्याचं विचारताय?"

"नाही," तो म्हणाला. "माझं विचारतोय. मला तुम्ही फार आवडता... आणि नुसत्या गाडीपुरत्या नाही."

ठिणगीचे कान भट्टीपाशी तापतात त्याहून जास्त तापले. तिने त्याचं खाली आलेलं टोक पुन्हा वर ढकललं. उतरताना तिने सांगितलं, "रविवारी दुपारी घरी या. पडदा घेऊन."

तो आला. बाबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मापपट्टीकडे पाहिलं. "भिंतीला खिळा लागणार नाही."

"नकोच आहे," ठिणगी म्हणाली.

तिने एक टोक घेतलं, त्याने दुसरं, आणि दोघं खिडकीच्या दोन्ही अंगांना हात उंचावून उभी राहिली. बाबांच्या पायांवरचं ऊन गेलं. मग गुडघ्यांवरचं. बाबांनी पेपर उघडला. पेपर बराच वेळ उघडाच राहिला, पान काही उलटलं नाही. ठिणगीचा हात भरून आला. पलीकडचाही भरून आला होता, पण खाली कुणीच आणला नाही.

"किती वेळ उभी राहणार आहात?"

"तुम्ही हो म्हणेपर्यंत, बाबा."

"कशाला हो? खिळ्याला की गाडीला?"

"दोन्हीला," ठिणगी म्हणाली. "आणि यांनाही."

बाबांनी पेपर खाली ठेवला. आधी लेकीचा हात पाहिला, मग त्या मुलाचा.

"गाडीतही असंच धरता?"

"हो," तो म्हणाला. "रोज."

बाबांनी त्या कोऱ्या भिंतीकडे एकदा डोळे भरून पाहून घेतलं.

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली, "हातोडी कुठे ठेवलीयस?"

आई हातोडी घेऊन दारातच उभी होती. मुठीत दोन खिळेही होते. केव्हापासून उभी होती, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.