हाताने केलेले बदल पुसले जातील

"तुमच्याकडे नेट आहे का हो?"

वरच्या मजल्यावरचं दार उघडल्या उघडल्या तिने हा प्रश्न अशा आवाजात विचारला, की खाली आग लागली असावी असं कुणालाही वाटलं असतं. दारातला माणूस मात्र शांत होता. एका डोळ्याला भिंग, चिमटीत शेंगदाण्याएवढं श्रवणयंत्र. कमी ऐकू येणाऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा व्यवसाय.

"आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे नाही?"

"असतं तर जिने चढले असते?"

भिंगाआडचा डोळा हसला. भिंगामुळे जरा जास्तच मोठा हसला.

ती प्रूफं तपासायची. दहाच्या आत पानं छापखान्याला गेली नाहीत, तर छापखान्याचा फोरमन फोनवर नुसता उसासे टाकी. शिव्या परवडल्या असत्या. आणि कॉम्प्युटर होता दादाच्या कृपेचा. दादा परगावी राहायचा, आणि परगावच्या भावांना असते तशी त्यालाही बहिणीचं आयुष्य सोपं करण्याची भारी हौस. तिच्या वाढदिवसाला त्याने मशीनवरचं विंडोज काढून लिनक्स घालून दिलं होतं. "आता तुला काही म्हणजे काही करायला नको. नेटवर्कसुद्धा मशीन आपलं आपण जुळवतं!"

जुळवत होतंच. फक्त चुकीचं.

तो खाली आला, पडद्यावर आज्ञा टाईप करायची काळी खिडकी उघडून बसला. "वेबसाइटचे पत्ते कुणाला विचारायचे, तेच मशीन विसरलंय. बंद पडलेल्या सर्व्हरला विचारत बसलंय."

"म्हणजे घर सोडून गेलेल्या माणसाचं दार वाजवतंय?"

"अगदी." त्याने एका फाईलमध्ये नवा नंबर लिहिला. नेट आलं. पानं गेली. तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं... पुन्हा तेच.

"काल नीट केलंत ना तुम्ही?"

"मी केलं, मशीनने मोडलं. सुरू होताना ते फाईल पुसतं आणि आपल्या मनाचं लिहितं."

"दादावर गेलंय."

मग रोजचंच झालं. सव्वानऊला ती जिन्यातून हाक मारायची — "वरचे, या!" — आणि तो उतरायचा. प्रूफांची चळत क्रम न बिघडवता हलक्या हाताने बाजूला सरकवायचा. चहात साखर कमी, हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं. पाचव्या दिवसापासून सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं अकरापर्यंत गाऊनमध्ये काम करणारी ती नऊलाच केस विंचरून बसू लागली. कामाला शिस्त हवी, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

"यावर कायमचा उपाय नसतो का हो?" दुसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, आणि विचारून चुकल्यासारखं झालं.

त्याने चहाचा फार लांब घोट घेतला. "असतो... पण जरा अवघड असतो."

"किती अवघड?"

"बघू."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या कानांची काळजी वाहणाऱ्या माणसाचे कान एवढे लाल होऊ शकतात, हे तिला तेव्हा कळलं.

शुक्रवारी दुपारी दादाचा फोन आला. "रविवारी येतोय. तुझं नेटचं रडगाणं कायमचं संपवतो. एका ओळीचं काम आहे."

"एका ओळीचं?"

"कुणीही लिनक्सवाला सांगेल. बरं, ती फाईल उघड. मी सांगतो तसं टाईप कर... उघडली? वाच."

"इंग्रजीत लिहिलंय — ही फाईल आपोआप तयार होते. हाताने केलेले बदल पुसले जातील." ती थबकली. ही ओळ तर पहिलीच होती. म्हणजे वरच्यांनी ती रोज वाचली होती! "मग नंबर आहे."

"बरोबर आहे. पुढे?"

पुढे हॅशची खूण होती, आणि मराठी.

# आज एकविसावा दिवस. खालच्या मॅडमना चूक सापडली की त्या ओठ चावतात. ते बघायला मी रोज उतरतो. उद्या हे पुसलं जाईल, म्हणूनच लिहायचा धीर होतो.

"अगं, पुढे?"

"पुढे... काही नाही. दादा, हॅशवाली ओळ मशीन वाचत नाही का रे?"

"नाही. ती माणसांसाठी असते. का?"

"सहज."

तिने फोन ठेवला. एक स्वल्पविराम कधी हातून सुटला नव्हता तिच्या. आणि इथे वीस ओळी तिने रोज संध्याकाळी स्वतःच मशीन बंद करून घालवल्या होत्या, न वाचता. रविवारी दादा ते एका ओळीचं काम करणार, आणि मग वरच्या माणसाला खाली उतरायला कारणच उरणार नव्हतं. आपणहून बोलण्यातला तर तो नव्हेच.

त्या संध्याकाळी तिने मशीन बंद केलं नाही.

शनिवारी सव्वानऊला हाक गेली नाही. साडेनऊला दार वाजलं.

"नेट... आहे?" तो.

"आहे. मशीन बंदच केलं नाही काल."

"अच्छा." त्याचा चेहरा पडला. "मग माझं काही काम नाही."

"आहे तर! बसा. फाईल उघडा."

त्याने उघडली. आधी कान लाल झाले, मग मान. त्याच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती.

# मजकूर तपासला. दुरुस्ती नाही. आधीच्या वीस ओळी तोंडी सांगाव्यात.

तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "सगळ्या नाही आठवत..."

"किती आठवतात?"

"...वीस."

ती हसली. मग ओठ चावून म्हणाली, "आणि तो कायमचा उपाय? अवघड होता म्हणे."

"होता," तो म्हणाला. "कालपर्यंत." आणि त्याने एक ओळ टाईप केली. "फाईलला कुलूप घातलं. आता मशीनला पुसता येणार नाही. दादांना मात्र काढता येईल."

"दादाला मी बघते. तुम्ही पहिल्या दिवसापासून सुरू करा."

रविवारी दादा आला तो बूटसुद्धा न काढता मशीनपुढे बसला. "अगं, हे कुलूप कुणी घातलं? आणि या दोन ओळी कसल्या? काढून टाकतो —"

"राहू दे!" स्वयंपाकघरातून दोन आवाज एकदम आले. त्यातला एक पुरुषाचा होता.

दादाने त्या ओळी पुन्हा वाचल्या. या वेळी सावकाश. मग त्याने फाईल बंद केली, बूट काढले आणि आत हाक दिली, "वरचे, चहा टाकताय ना? माझ्यात साखर जास्त."